वाचून केलेलं दस्तखत

शिरूर अनंतपाळ
सोमवार, २७ जानेवारी २०२५

गुणाबाईस,

आमच्यात शरणार्थ म्हणतात, तुमच्यात रामराम. तुला जो पटल तो घे. इकडं सगळं ठीक हाय. दोन्ही म्हशी दूध देऊन राहिल्या, हरभरा घाट्यावर आलाय, थंडी यंदा हाडात शिरली. तुझी तब्येत कशी हाय ते मी विचारत न्हाई. चांगलीच असल. दुसऱ्याच्या घरचं लेकरू आयतं घरात आलं की बाईमाणसाला बाळसं चढतं.

पत्र कामून लिहिलं म्हणशील. सुकन्या माझा फोन उचलत न्हाई. तू उचलतीस आन "देते हं आज्जी" म्हणून फोन कुठंतरी ठेवून देतीस. मला तुमच्या घरची भांडी वाजलेली ऐकू येतात, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, एकदा तर तुम्ही दोघी हसलेलं बी ऐकू आलं. पोरगी काही फोनवर येत न्हाई. आन फोनवर समोरचं माणूस मधीच तोंड घालतं. पत्रात घालता येत न्हाई.

तुला वाचता येत न्हाई हे मला म्हाईत हाय. म्हणजे हे पत्र सुकन्याच तुला वाचून दाखवणार. दाखवू दे. पण मी तिला लिहीत न्हाई, तुला लिहून राहिले, हे ध्यानात ठेव. सुकन्या, तू बी ठेव. मधलं काही गाळायचं न्हाई.

तर आधी हे सांग, तू तिची वेणी घालतीस म्हणे? आमच्या गल्लीतल्या गुरम्माची लेक नांदेडात दिलेली हाय. ती बाळंत झाली म्हणून गुरम्मा तिकडं गेली होती, तिनं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं. दारात पाट टाकून, पोरीला पुढ्यात घेऊन, खोबरेल चोळत बसली होतीस. गुरम्मानं मला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तर तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

सुकन्या चार वर्षांची होती तवा तिची आई गेली. बाप म्हणजे माझाच ल्योक संगमेश्वर, सहा महिन्यांत दुसरी करून सोलापूरला गेला तो तिकडचाच झाला. तवापासून ते डोकं माझ्या हातात होतं. पंधरा वर्षं. उवा मी काढल्या, दोन वेण्या मी घातल्या, शाळेतून एक रिबीन हरवून आली की पाठीत धपाटा बी मीच घातला. तू कोण ग? सहा महिने तिच्या शेजारी उभं राहून काम केलं, एवढंच ना?

दवाखान्यातलं मी इसरले न्हाई. फोन आला तशी उठले, लातूरला गाडी बदलून, अहमदपूर, लोहा करत सहा घंट्यांनी पोचले. पोटात चहाचा घोट न्हाई. दारात उभी राहिले तर पोरगी खाटेवर, उजव्या हाताला बोचक्याएवढी पट्टी, आन तू चमच्यानं वरणभात भरवून राहिलीस. सुकन्यानं माझ्याकडं बघितलं. बघितलं आन तोंड उघडलं ते तुझ्याकडं. पुढच्या घासासाठी.

मग मोरीला जायचं झालं तवा "माय, जरा धर." मी खाटेच्या ह्या बाजूला उभी, आन पोरगी त्या बाजूला हात लांब करून म्हणती, माय. आमच्या घरातली माय सोळा वर्षांखाली मेली. तवापासून तो शब्द तिनं कुणाला दिला न्हाई. मला बी न्हाई दिला. मी आपली आव्वाच राहिले.

आन तू काय केलंस? पिशवीतून धुतलेलं फडकं काढलंस, त्यात तिच्या गळ्यातलं लिंग. "आज्जी, कारखान्यात गळ्यात काही घालू देत न्हाईत. रोज सकाळी माझ्या देव्हाऱ्यात ठेवून जायची. मी कधी हात लावला न्हाई, फडक्यानंच धरते. आम्ही खाणारी माणसं." मी हिसकून घेतलं. तू एवढं नीट केलंस म्हणूनच मला जास्त राग आला. एखादी वंगाळ बाई असतीस तर मला किती सोपं गेलं असतं.

कारखान्याचं नाव मी इथं काढणार न्हाई. ह्या घरात अंडं बी उंबऱ्याच्या आत येत न्हाई. पोरगी नांदेडला गेली तवा म्हणाली, "आव्वा, पॅकिंगचं काम हाय." मला वाटलं, बिस्कीट असल. दिवाळीला आली तर अंगाला फिनेलसारखा वास, आन बोटं पाण्यात भिजलेल्या मनुक्यासारखी. मी काही इचारलं न्हाई. इचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

म्हणून गावात मी सांगितलंय की सुट्टीत एका रात्रीपुरती घरी आली होती, पहाटे म्हशीसाठी कडबा कापताना घरच्या कडबाकुट्टीत हात गेला. लोकांना पटलं. दोन गल्ल्या सोडून एकाचा अंगठा तसाच गेलाय. माणसं येऊन लांबूनच कुट्टीकडं बघून जातात. गुरम्मानं तिला लिंबू-मिरची बांधली. ती बिचारी मशीन, तिनं आजवर कडब्याबिगर काही खाल्लं न्हाई, आन लहान लेकरं तिला बघून आईच्या मागं लपतात.

मी दस्तखत केलेल्या त्या कागदाचं तू जिथंतिथं बोलून राहिलीस असं कानावर आलंय. कागद आमच्या घरचा हाय. तू लांबची. त्यात तू पडायचं काम न्हाई.

शिवरात्रीच्या आत पोरीला गाडीत बसवून दे. खिडकीजवळ बसव, तिला गाडी लागती.

तुझी कुणीच नसलेली,
शिवकांता


शिरूर अनंतपाळ
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

गुणाबाई,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मला वाटलं, पोस्टमन चुकला. असल्या अक्षराला कुणाचे पाय म्हणायची पद्धत हाय ते तुला म्हाईत हाय, ते मी आज लिहीत न्हाई. दुसऱ्या ओळीला समजलं, पोरगी डाव्या हातानं लिहून राहिली.

तू सांगत गेलीस, तिनं लिहिलं. तुझ्या सांगण्यात एक शिवी न्हाई, एक टोमणा न्हाई. मी चार वेळा शोधला. मला शिव्या घालायच्या होत्यास तर घालायच्या ना बाई, माझं बी मन हलकं झालं असतं.

अठ्ठावीस फेब्रुवारीला कामगार ऑफिसात तारीख हाय म्हणतीस. कारखान्यानं सायबापुढं दोन गोष्टी ठेवल्यात. एक हजेरीचं बुक, त्यात त्या दिवशी सुकन्या सुट्टीवर. दुसरा तो कागद, हात घरी गेला म्हणून, आन खाली सख्ख्या आज्जीचं दस्तखत. घरची माणसंच असं म्हणल्यावर बाहेरच्या बाईची गवाही कोण धरतं? तुला कामावरून काढलं. बाकीच्या चौघीजणी बघितलं म्हणायला तयार होत्या, त्या आता बघितलं न्हाई म्हणतात. आन जिथं हात गेला त्या गोल पात्याला अजून जाळी बसवली न्हाई. तिथं आता निलंग्याची एक पोरगी उभी करतात, वय अठरा.

हे सगळं तू सांगितलंस, तिनं लिहिलं. पण शेवटची ओळ तू सांगितलेली न्हाई, ती तिची हाय. "गुणामाय माझ्याजवळ अक्षर शिकत हाय. ग पर्यंत आली."

गुणाबाई, ती ओळ वाचून मी पत्र चुलीत घालायला निघाले होते.

मला दुसरीतून काढलं तवा मी सात वर्षांची. पुढं सगळं इसरले. ही पोरगी पहिलीत गेली तवा मी पंचावन्न वर्षांची होते. ती शाळेतून यायची, पाटी माझ्यापुढं ठेवायची, "आव्वा, शि काढ. न्हाई, वेलांटी अलीकडून. पुन्हा काढ." उलटी काढली की माझ्या बोटांवर पट्टी मारायची. तिच्या बाई तिला मारायच्या तशीच. तीन महिन्यांत मी शिवकांता लिहिलं. मग बँकेत गेले आन शाईचा डबा मागं सारला. तिथल्या कारकून पोरानं मान वर करून बघितलं. पेपर वाचायला लागले, गॅसची पावती वाचायला लागले, मठातली आमंत्रणं वाचून दाखवायला लागले. आमच्या वयाच्या बायांत मी एकटी.

ते तिनं मला दिलं होतं. मला एकटीला. आन आता तुला देऊन राहिलीय.

कागदाचं मी टाळत होते. आता सांगते. सुकन्या, थांबू नको.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तू पोलिसाच्या माणसाला सांगून राहिली होतीस. मी आतून ऐकत होते. बर्फाच्या पाण्यातून कोंबड्या काढून काढून हात मुके होतात, म्हणून पोरी रबरी मोज्याच्या आत सुती मोजा घालतात. एकतीस डिसेंबरची मोठी ऑर्डर होती, कोंबड्या पुढं नेणारी साखळी रोजच्यापेक्षा जोरात सोडली होती. पात्यावरची जाळी दिवाळीतच काढली, कामून तर तिच्यात तुकडे अडकतात आन धुवायला वेळ जातो. लोखंडी कड्यांचे हातमोजे कपाटात कुलपात, पाहुणे कारखाना बघायला आले की काढायचे. सुती मोज्याचा धागा पात्यात गेला. बंद करायचं बटण तिच्या हातापासून वीस पावलं लांब, तू ओल्या फरशीवरून पळालीस, पडलीस, गुडघा फुटला, मग बंद झालं. आन गाडी मागितली तर सुपरवायझर काय म्हणाला? "आधी ॲप्रन काढा." ॲप्रनवर कारखान्याचं नाव. पोरीच्या हातातून रक्त गळून राहिलं आन दोघीजणी पाठीमागची नाडी सोडून राहिल्या.

सगळं सांगून झालं आन तू अंगठा दिलास. निळा अंगठा घेऊन आत आलीस आन तसाच पोरीच्या कपाळावर ठेवलास. ती झोपेत हसली.

तेवढ्यात व्यंकटराव आला. कारखान्याचा माणसं पुरवणारा ठेकेदार, तुला सांगायला नको. सफरचंदं घेऊन आला, माझ्या पाया पडला.

"आव्वा, तुम्ही शिरूर अनंतपाळच्या. म्हणजे आमच्या पाहुण्यांतल्या."

"तुझे पाहुणे आमच्याकडं कुठले?"

"ते सोडा. पोरगी तुमची गुणाची हाय. पण एक बोलू का? हे कोर्टकचेरीत गेलं की पेपरात येईल. लिंगायताची लेक, कोंबडी कापताना. फोटोसकट. उद्या सोयरीक करायची हाय तिची."

त्यानं कागद काढला. "दवाखान्याचं सगळं कारखाना बघतो. तुम्ही एवढंच म्हणायचं, हात घरी गेला, कडबाकुट्टीत. गावाकडं रोजच होतं हे. अंगठा इथं."

"अंगठा कुणाला मागतो रे?"

"दस्तखत येतं तुम्हाला?" बाकड्यावरून उठूनच उभा राहिला. "वा, आव्वा! त्या बाईला तर धड नाव सांगता येईना."

तो कुणाबद्दल बोलला ते तुला समजलं असल.

मला वाचता येत नव्हतं असं म्हणता आलं असतं. घाईत होते, चष्मा न्हवता, त्यानं फसवलं. गावातल्या सगळ्या बाया हेच म्हणतात आन सगळ्यांना ते शोभतं. मला शोभत न्हाई. मी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं. दोन शब्द अडले ते त्यालाच इचारले. मग दस्तखत केलं. वेलांटी अलीकडून, जशी शिकवली तशी.

हाव, गावाची लाज होती. सोयरीक बी डोक्यात होती. पण गुणाबाई, नुसती लाज असती तर मी घरी जाऊन इचार करते म्हणाले असते. मला त्या घडीला एकच दिसत होतं. तू जे सांगितलंस ते सगळ्यांनी खरं धरलं, पोरीनं बी तुलाच धरलं, आन मी कुणीच न्हाई. तुझं खोटं पडावं असं मला वाटलं. बाकी काही न्हाई. त्या बदल्यात पोरीचं काय जातंय हे मी बघितलंच न्हाई.

सुकन्याला हे आधीपासून समजलेलं असल. म्हणूनच दवाखान्यातून सुटली तशी माझ्याकडं पाठ करून तुझ्या रिक्षात बसली.

अठ्ठावीसला मी काय करीन ते मला आज म्हाईत न्हाई. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मठात दासोह हाय. सगळ्या गावाचं जेवण. तीस वर्षं पहिली पोळी माझ्या हातची पडते. खरं बोलले की ते गेलं. तुला हे बारकं वाटल. तुझ्याजवळ पोरगी हाय. माझ्याजवळ पोळपाट हाय.

ग च्या पुढं घ हाय. तो लई अवघड न्हाई.

शिवकांता


शिरूर अनंतपाळ
मंगळवार, ४ मार्च २०२५

गुणाबाई,

मी नीट पोचले. लोह्याला गाडी पंक्चर झाली, दोन घंटे झाडाखाली बसले. तू बळंच दिलेली भाकरी-चटणी तिथं खाल्ली. चटणीत मीठ जास्त होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी मठात काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. तीसएक बाया पोळ्या लाटून राहिल्या होत्या. गुरम्मा माझ्या शेजारी. म्हणाली, "आव्वा, कुट्टीचं लिंबू बदललंत का? वाळलं असल आता."

मी म्हणाले, "लिंबू काढून टाक. कुट्टीनं काही केलेलं न्हाई. सुकन्याचा हात नांदेडला कारखान्यात गेला. कोंबड्या कापायच्या."

सगळ्या बायांचे हात एकदम थांबले. तव्यावरची पोळी जळाली, कुणी उलथली न्हाई.

"कोंबड्या?" गुरम्मानं आवाज एवढा बारीक केला की जशी कोंबडी ऐकत बसलीय.

"हाव. तुझ्या जावयाच्या घरी ऐतवारी शिजत्यात, त्याच."

"अगं माय! आमच्या जावयाचं नाव कामून घेता?"

"बरं, न्हाई घेत. पोरगी कापत होती, पोटासाठी. मी खोटं बोलले, नाकासाठी. आता तुम्हीच ठरवा, पोळीला हात कुणाचा नको."

गुरम्मानं माझ्या पुढचं पोळपाट हळूच तिच्याकडं ओढून घेतलं. तोंडानं भांडली असती तर मी तिला पुरले असते. पोळपाटाशी काय भांडायचं? उठले, हात धुतले, घरी येऊन म्हशीला पाणी दाखवलं.

आता ऑफिसातलं. तू बाहेर बाकावर होतीस, तुला आत घेतलं न्हाई. सुकन्या आत होती, पण तिनं तुला सगळं सांगितलं नसल. ती सांगत न्हाई. म्हणून मी लिहिते.

सायब तरुण होता. बरा होता. त्यानं कागद पुढं सरकवला. "आजी, हे दस्तखत तुमचंच?"

"हाव."

व्यंकटराव मधीच उठला. "साहेब, ह्यांना आता कुणीतरी पढवून आणलंय. त्या वेळी स्वखुशीनं दिलं होतं."

सायबानं त्याला खाली बसवलं. मग माझ्याकडं वाकून म्हणाला, "आजी, घाबरू नका. कागद तुम्हाला कुणी वाचून दाखवला नव्हता, असं झालं का?"

माणूस मला वाट करून देत होता, गुणाबाई. दार उघडं होतं, नुसतं हाव म्हणायचं. व्यंकटराव बी दिसायला लागला जरा पिवळा. पण सुकन्या समोर बसली होती. ज्या पोरीनं शिकवलं, तिच्यापुढं मला वाचता येत न्हाई म्हणू?

मी म्हणाले, "आणा तो इकडं." चष्मा लावला आन उभी राहून सगळा कागद मोठ्यानं वाचला. "मी खाली सही करणार शिवकांता" इथपासून. पहिल्यापेक्षा आता बरं वाचते, कुठं अडले न्हाई. वाचून झाल्यावर म्हणाले, "सायब, वाचून दस्तखत केलं. खोटं हाय हे म्हाईत असून केलं. त्या दिवशी पोरगी घरी न्हवती. दिवाळीनंतर ती घरी आलेलीच न्हाई. आमची कुट्टी येऊन बघा, तिच्या तोंडाला लोखंडी झाकण हाय, हात घालतो म्हणलं तरी जात न्हाई. दुकानदारानं दिलं तसं मी ठेवलं. दोन म्हशींच्या कडब्याला झाकण हाय, आन ह्यांच्या एवढ्या मोठ्या कारखान्यात पात्याला जाळी न्हाई."

"मग खोटं कशासाठी लिहून दिलं? काही दिलं का तुम्हाला?"

"सफरचंदं दिली. ती मी खाल्ली न्हाईत. सायब, बाहेर बाकावर जी बाई बसलीय ना, गुडघ्याला पट्टी बांधलेली, तिचा मला राग आला होता. माझी नात तिच्या हातून जेवली म्हणून."

कारकून हसला. सायब हसला न्हाई. "हे लिहायचं का, आजी?"

"लिहा. खरं कारण तेच हाय."

त्यानं लिहिलं. मी वाचलं. एका जागी "गैरसमजातून" असं घातलं होतं, ते काढायला लावलं. गैरसमज काहीच न्हवता. मग दस्तखत केलं.

त्यानं पुढची तारीख दिली आन कारखान्यात जाऊन पातं बघायचा हुकूम काढला, एवढं तुम्हाला म्हाईतच हाय. जिंकलो न्हाई अजून. व्यंकटराव जिन्यात म्हणाला, "आव्वा, तुम्ही पोरीची सोयरीक बुडवली." मी म्हणाले, "तुझा ल्योक सोडून कुणीबी चालल." तो पुढं गेला. मग मी जिन्यातच बसले. तेवढ्यात तू आलीस आन ती भाकरी हातात कोंबलीस.

तुला वाटलं असल, म्हातारीला वाटतंय की आता पोरगी येईल संगं. खोटं कशाला बोलू, वाटलं. स्टँडवर मी दोन तिकिटांएवढी जागा धरून बसले होते. ती खिडकीशी आली. म्हणाली, "आव्वा, जपून जा." गाडी हलेपर्यंत उभी राहिली. मग रस्ता ओलांडून तुझ्याकडं गेली. डावा हात तुझ्या खांद्यावर ठेवला. तुझा गुडघा दुखतो म्हणून तिनं धरलं की तिला धरायचं होतं म्हणून, ते मला गाडीतून समजलं न्हाई.

राहू दे तिला तिथं. तारखा हायत, हाताची मालीश हाय, तिच्या लिहिण्याचं हाय. मी मोठ्या मनानं म्हणत न्हाई. माझं मन हाय तेवढंच हाय. पण ती राहणारच असल तर काही गोष्टी तुला म्हाईत पाहिजेत. त्या मी पंधरा वर्षांत कुणाला सांगितल्या न्हाईत, तिच्या बापाला बी न्हाई. आज सांगताना दात उपटल्यासारखं होऊन राहिलं.

ताप आला की ती सांगत न्हाई. पांघरुणातून पाय बाहेर टाकून झोपली की समजायचं. रुसली की जेवत न्हाई, तवा आर्जवं करायची न्हाईत, समोर बसून आपण खायला लागायचं, दहा मिनिटांत ताटावर येते. शेंगदाण्याचं कूट डोळ्यांनी दिसलं तर खात न्हाई, भाजीत मुरलं तर चालतं. वीज कडाडली की तिला काहीतरी काम सांग, नुसती बसू देऊ नको. आईचं नाव तिच्यापुढं श्रावणात काढायचं न्हाई, त्याच महिन्यात ती गेली. आन ती रडायला लागली तर तिच्याकडं बघायचं न्हाई. बघितलं की ती रडू गिळून टाकते, मग दोन दिवस डोकं धरून बसते. पाठ फिरवायची, काहीतरी निवडत बसायचं, पण खोलीतून उठून जायचं न्हाई. गेलं की तिला वाटतं आपल्याला टाकलं.

एवढंच होतं माझ्याजवळ. आता तुझ्याजवळ बी हाय.

इथं ती वाचायची थांबली असल. तिच्याकडं बघू नको, गुणाबाई. तांदूळ घे निवडायला.

अजून तुझ्यावर जळणारी,
शिवकांता